पोटखराबा : नाटे परिसरातल्या जमिनीची राखण कोणी केली?



आजचा विषय एका शब्दापासून सुरू करू या. शब्द आहे ‘पोटखराबा’. आपल्यापैकी ज्यांच्या नावावर कोकणात गुंठाभर तरी जमीन आहे, त्यांनी तो सातबाऱ्यावर वाचलेला असणार. लागवडीला निरुपयोगी, म्हणून सारा न बसलेलं क्षेत्र म्हणजे पोटखराबा. महसूल खात्याच्या दृष्टीने हा शब्द बरोबरच आहे. ज्यातून सारा येत नाही, त्याला खात्याने आणखी काय म्हणावं? पण शब्दाची गंमत अशी की तो कागदावरून माणसांच्या डोक्यात जातो. दीड-दोनशे वर्षं एखाद्या जमिनीला खराब म्हटलं, की तिचं काहीही केलं तरी बिघडत नाही असं सगळ्यांना वाटू लागतं. मालकालाही.

नाटे हे गाव राजापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, खाडीच्या तोंडाशी आहे. इथे यशवंतगड आहे, पुढे आंबोळगड आहे, साखरी नाट्याचं मासेमारी बंदर आहे. खाडीच्या पलीकडे जैतापूर आणि माडबन. उत्तरेकडे वेत्येचा किनारा, त्याच्याही पुढे कशेळी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा. मे महिन्यात या सड्यावरून चाललात तर ‘खराबा’ हाच शब्द तुम्हालाही सुचेल. काळाकुट्ट कातळ, करपलेलं गवत आणि तळवे भाजतील अशी धग. तोच सडा जुलैत बघा. खळग्यांमधून पाणी साचलेलं, त्यात गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर, किडे पकडून खाणारे दवबिंदू. पहिल्या पावसाबरोबर दीपकाडी वर येते. ही पांढऱ्या फुलांची छोटीशी कंदवर्गीय वनस्पती जगात फक्त आपल्याकडच्या, कोकण पट्ट्यातल्या कातळांवर वाढते. सड्यात मुरलेलं पाणी खालच्या अंगाला झऱ्यांतून बाहेर पडतं, विहिरींना मिळतं. म्हणजे वाडीचा पाणीसाठा डोक्यावर आहे, आणि कागद म्हणतो खराबा.

तर आजचा प्रश्न असा. या भागात जमीन, झाडं, किनारा यांची राखण आजवर कोणी केली, कोणाच्या पैशाने केली आणि त्यातून काय टिकलं? इतिहास म्हटला की आपण राजे-लढायांकडे वळतो. यशवंतगड समोर असताना ते साहजिकही आहे. पण आज आपण गडाच्या पायथ्याच्या जमिनीचा इतिहास पाहणार आहोत.

रत्नागिरी जिल्ह्याची एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन समजत नाही. इथे जंगल दिसतं, पण सरकारी जंगल फारच थोडं आहे. बहुतेक झाडी खाजगी मालकीची. विदर्भातला माणूस जंगल म्हटलं की वन खात्याचा नाका डोळ्यासमोर आणतो; आपल्याकडे जंगल म्हणजे कुणाच्या तरी चुलत्याचा हिस्सा. हे असं का झालं, याचं एक मूळ १८२० च्या दशकात सापडतं. दक्षिण कोकणचे तेव्हाचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून सागासारख्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडला आणि तो जमीनधारकांना दिला. हेतू वाईट नव्हता. झाड आपलं झालं की लोक लावतील आणि जपतील, असा हिशेब होता. झालं उलटं. मुंबई वाढत होती, तिला लाकूड हवं होतं, जळण हवं होतं, आणि आपल्या खाड्या म्हणजे लाकूड वाहून नेण्याचे तयार रस्ते. झाडं गलबतांत चढली आणि मुंबईला गेली.

इथे घाईने ‘लोक लोभी होते’ असा निकाल देऊ नये. झाडावर हक्क मिळाला, पण तो बहुतेक ठिकाणी खोताला मिळाला. कूळ राबत होतं, खोत वसूल करत होता. ज्या जमिनीवरून उद्या आपल्याला काढून टाकतील, तिच्यावर शंभर वर्षांचं झाड कोण राखील? १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच काळात तिकडे कुलाबा जिल्ह्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप चालू होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. म्हणजे आपण ज्याला जमिनीची राखण म्हणतो, तिचा पहिला प्रश्न झाडाचा नव्हताच. जमिनीवर कुणाचं नाव आहे, हा होता. पर्यावरणाच्या इतिहासात हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. आम्हाला तो गाळणं अप्रामाणिकपणाचं वाटतं.

मग या सगळ्या तोडीत काहीच उरलं नाही का? उरलं. देवरहाटी उरली. आपल्याकडे रहाट म्हणा, राई म्हणा, देवराई म्हणा. ग्रामदेवतेच्या नावाने सोडलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. फारच गरज पडली तर गुरवाने देवाला कौल लावायचा, मानकऱ्यांनी बसून ठरवायचं, आणि लाकूड देवळाच्याच कामाला वापरायचं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शोध घेऊन नोंदी केल्या, तेव्हा कुठे शहरातल्या अभ्यासकांना कळलं की ज्या वृक्षजाती बाकी डोंगरावरून गेल्या, त्या इथे देवाच्या आडोशाला उभ्या आहेत. संस्था नाही, निधी नाही, अहवाल नाही. तरी राखण झाली.

पण देवरहाटीचं फार गोड चित्र काढू नका. ती भीतीवर टिकली, आणि भीती कमी झाली तशी झाडं कमी झाली. आणखी एक कारण आहे, ते जरा अडचणीचं आहे. कोकणातलं सगळ्यात मोठं आणि जुनं धर्मादाय जाळं कुठलं असेल, तर ते आपल्या ग्रामस्थ मंडळांचं, मुंबईचं. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या माणसांनी चाळीच्या एका खोलीत बसून वर्गणी काढली. गावाला शाळा दिली, विहीर दिली, स्मशानाची शेड दिली. एवढा मोठा स्वयंस्फूर्त दानाचा इतिहास फार थोड्या प्रदेशांना असेल. त्याच मंडळांनी देवळांचे जीर्णोद्धारही केले. कौलं गेली, स्लॅब आला. आणि वर्गणी कमी पडली तिथे कित्येक गावांनी देवाचीच झाडं विकली. देवाचं लाकूड देवाच्याच कामाला, नियम मोडला नाही! पण रहाट गेली. पैसा होता, श्रद्धा होती, एकोपा होता. नव्हतं ते एवढंच, की या झाडांचीही काही किंमत आहे हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पर्यावरण शिक्षण आणि जमिनीची राखण या दोन गोष्टी एकत्र का घ्याव्या लागतात, ते इथे दिसतं.

जगात इतर ठिकाणी लोकांनी यावर काय केलं ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी नॅशनल ट्रस्ट काढला. त्यांची पहिली जमीन म्हणजे वेल्समधला सुमारे पाच एकरांचा समुद्राकाठचा डोंगरउतार, एका बाईंनी दान दिलेला. पद्धत सरळ : दान घ्या, जमीन ताब्यात घ्या, विकू नका. पुढे जगभर ही वाट चालली.

आपल्याकडे ही वाट जवळपास बंद आहे. १९४८ च्या कूळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हा नियम कुळांच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्य आहे. पण त्याचा परिणाम असा, की एखाद्या धर्मादाय संस्थेला जंगल राखण्यासाठी जमीन घ्यायची तर पहिल्याच पायरीवर अडतं. त्यात आपला सातबारा! एका गटावर वीस-वीस, चाळीस-चाळीस नावं. निम्मी माणसं मुंबईला, काही हयात नाहीत, एखादं बडोद्याला. सगळ्यांच्या सह्या गोळा करेपर्यंत झाडाला आणखी दहा वर्तुळं पडतात. शिवाय १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यापासून एक धास्ती बसली आहे. जास्त झाडी राखली तर सातबाऱ्यावर ‘वन’ शेरा पडेल, म्हणून आधीच तोडून मोकळं व्हा. कायदा राखण्यासाठी होता. त्याच्या भीतीने कुऱ्हाड चालली.

म्हणजे आपल्या जिल्ह्यात जंगल सरकारचं नाही आणि संस्थेला विकत घेता येत नाही. उरतो तो एकच मार्ग : मालकाला विचारणं. रत्नागिरीतल्या संवर्धनाचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास हा या विचारण्याचा इतिहास आहे, असं आम्ही म्हणतो.

संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या बाजूला, पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने हे काम केलं. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक हे तिचे चालक. त्यांनी आधी देवरायांवर काम केलं, मग खाजगी रानांकडे वळले. जंगलमालक रान का तोडतो? हौस म्हणून नाही. मुलीचं लग्न, आजारपण, कुणाचं कॉलेज. ठेकेदार येतो, सगळं रान उभ्याउभ्या ठरवतो, एकरकमी पैसे देतो. संस्थेने मालकांशी करार सुरू केले. इतकी वर्षं तोडू नका, त्याबदली मोबदला घ्या. पैसा बाहेरच्या देणगीदारांचा, राखण मालकाची, मध्ये संस्था. त्यातून पुढे बेहड्याचं प्रकरण आलं. जुने, प्रचंड बेहडे असतात ना, त्यांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. ब्रिटनमधल्या हर्बल चहा करणाऱ्या पुक्का या कंपनीला बेहड्याची फळं हवी होती. झाड न तोडता, पक्ष्याला थोडी फळं ठेवून, बाकीची गोळा करायची. फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि चांगल्या भावाने विकायची, असं ठरलं. जे झाड जळणाच्या भावाने जात होतं, ते आता दर वर्षी काहीतरी देऊ लागलं.

आमचं यावर मत विचाराल तर दोन्ही बाजूंनी आहे. करार संपला, देणगीदार थकला, की पुढे काय, हा प्रश्न उरतोच. पण त्यात एक मोठी गोष्ट झाली. मालकाला प्रथमच कुणी तरी ‘तुझं उभं रान मोलाचं आहे’ असं नुसतं न सांगता, पैसे मोजून सांगितलं. भाषणाने जे होत नाही ते पावतीने होतं.

दुसरं उदाहरण किनाऱ्याचं, आणि ते नाट्याच्या जास्त जवळ येतं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था २००२ मध्ये समुद्री गरुडांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तोवर आपल्या किनाऱ्यावर कासवं येतात ही गोष्ट फक्त अंडी गोळा करून विकणाऱ्यांना आणि कोल्ह्या-कुत्र्यांना ठाऊक होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अंडी काढणाऱ्यांना हाताशी धरलं. घरटं कुठे असेल हे ज्याला वाळूवर नजर टाकून कळतं, त्याच्याहून चांगला राखणदार कोण मिळणार? २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पुण्या-मुंबईची माणसं वेळासला येऊ लागली, गावातल्या घरांत उतरू लागली, घावणे-चटणी खाऊन पैसे देऊ लागली. पुढे वन खातं आलं, कांदळवन कक्ष आला, त्याचं प्रतिष्ठान आलं. २०२२ च्या हंगामात आपल्या किनाऱ्यावरच्या पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली. पहिलीचं नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच झालं. हे लोण राजापूरपर्यंत आलं. वेत्ये आणि माडबनच्या वाळूतही घरटी राखली जातात.

शाळेतली मुलं पहाटे किनाऱ्यावर उभी राहून पिल्लं पाण्याकडे जाताना बघतात, तेव्हा तो पर्यावरण शिक्षणाचा तास असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने आणायला सांगितलं. विषय आला. पुस्तक आलं, प्रकल्पाची वही आली, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ आलं. यातलं काहीच चूक नाही; पण राजापूरच्या मुलाने पुस्तकात वाळवंट वाचलं, विषुववृत्तीय वन वाचलं आणि घरामागचा सडा कुठेच वाचला नाही.

आता पुन्हा सड्यावर येऊ. इथे आपली सगळी उदाहरणं लंगडी पडतात.

कासवाचं पिल्लू गोड दिसतं. धनेशाचा फोटो निघतो. रोप मोजता येतं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजकार्यावर खर्च करायला लावलं, आणि २०१४ पासून पर्यावरणाकडे पैसा येऊ लागला. त्या पैशाला आकडा लागतो. इतकी रोपं लावली, इतके बंधारे बांधले. सड्यावर काय मोजणार? तिथे काहीही न करणं हीच राखण आहे. ‘आम्ही या वर्षी इथे काही केलं नाही’ असा अहवाल कुठली संस्था देणगीदाराला पाठवील? मग होतं असं, की भल्या मनाने सड्यावरच वृक्षारोपण होतं. कातळ फोडून खड्डे, बाहेरची माती, आणि ज्या जागी हजारो वर्षं गवत आणि फुलं होती, तिथे झाड जगवण्याची धडपड. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वारंवार लिहिलंय की सडा ही स्वतःची अशी परिसंस्था आहे, बिघडलेलं जंगल नव्हे. पण ते ऐकलं कमीच जातं.

बाकी वापर तुम्हाला माहीत आहेत. १९९० च्या फळबाग योजनेनंतर सुरुंग लावून कातळात कलमं उभी राहिली. त्या हापूसने घरं उभी केली. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. चिरेखाणी झाल्या. आणि मोठे प्रकल्प आले. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरीलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. तेव्हाचा वाद आठवा. कागदात बरीचशी जमीन पडीक, नापीक. गावकरी म्हणत होते, इथे आमची गुरं चरतात, कलमं आहेत, भात होतो, खाली मासेमारी आहे. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. पुढे २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरणाच्या माती परीक्षणावरून तेच चित्र. प्रकल्प हवा की नको, यावर या सभागृहातही दोन मतं असतील, आणि आज आम्ही त्यात पडत नाही. इतिहास म्हणून एवढंच नोंदवायचं आहे की दोन्ही वेळा भांडणाच्या मुळाशी तोच जुना शब्द होता. पोटखराबा.

या शब्दाला पहिलं खरं उत्तर दिलं ते अनपेक्षित ठिकाणाहून. कातळशिल्पांनी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेने, सुट्टीच्या दिवशी सडे पायाखाली घालायला सुरुवात केली. पदरचा पैसा, स्वतःच्या गाड्या. गुराख्यांना विचारत गेले. ‘इथे कातळावर काही चित्रं आहेत का रे?’ आणि गुराखी त्यांना नेऊन दाखवत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी, देवीहसोळ, सगळी याच परिसरात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. ज्या जमिनीवर सारा बसवण्यालायक काही नव्हतं, तिच्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने आपला हात चालवला होता. उक्षीला गावकऱ्यांनी पुढे होऊन शिल्पाभोवती संरक्षण उभं केलं. जमीन खाजगी, चित्र सगळ्यांचं, राखण गावाची, मदत संस्थेची. मालकाला विचारण्याची तीच पद्धत इथेही चालली. आणि शिल्प राखायचं तर भोवतालचा कातळ फोडता येत नाही, म्हणजे दीपकाडीही आपोआप राखली जाते.

शेवटी कायद्यातली एक छोटी वाट सांगून थांबतो, कारण गावातल्या मंडळींनी काल तेच विचारलं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यात स्थानिक संस्थांशी बोलून ‘जैवविविधता वारसा स्थळ’ घोषित करण्याची तरतूद आहे. मालकी बदलत नाही. खाली दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावी रानजायफळाच्या जातीची पाणथळ राई आहे, देवाचीच. २०२० मध्ये ती अशी घोषित झाली. क्षेत्र किती? अडीच हेक्टरांहून थोडं जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी आंबोलीचं हिरण्यकेशी झालं, एका छोट्या माशासाठी. ते तर दोन हेक्टरांच्या आसपास. ही स्थळं एखाद्या मोठ्या कलमबागेहून लहान आहेत. नाट्याच्या परिसरात असा एखादा सड्याचा तुकडा निवडायचा तर ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावरून उठवावी लागेल, हिस्सेदारांना मुंबईत गाठावं लागेल, आणि त्यासाठी सगळ्यात सोयीचं जाळं अजूनही ग्रामस्थ मंडळांचंच आहे. शाळेच्या मुलांनी पावसाच्या चार महिन्यांत त्या तुकड्यावरची फुलं मोजून वहीत ठेवली, तर प्रस्तावाला लागणारी निम्मी माहिती तिथेच तयार होते.

आता प्रश्न घेऊ या. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून आहे.